दारू, तहान आणि वऱ्हाडचं पाणी

आज आपण एका दुखण्याचा इतिहास पाहणार आहोत. हे दुखणं साथीने येत नाही, डास चावून होत नाही की जुनं पाणी पिऊन होत नाही. माणूस ते संध्याकाळी रोख पैसे मोजून विकत घेतो आणि सकाळी उठून त्याच्या नावाने बोटं मोडतो. रात्री झिंग चढते आणि पहाटे उतरते. उतरताना डोकं जड होतं, तोंडाला कोरड पडते, पोटात ढवळतं, अंग मोडून येतं आणि उजेड डोळ्यांना सोसवत नाही. शहरातल्या लोकांनी याला हँगओव्हर हा इंग्रजी शब्द घेतला आहे. आमच्या वऱ्हाडात मात्र बाई नवऱ्याला एवढंच विचारते, "काहून, उतरली का?"

आता या उतरण्याचा आणि आपल्या अमरावती-अकोल्याच्या मातीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे.

आधी शब्द पाहू या. सरकारच्या ज्या खात्याला आज राज्य उत्पादन शुल्क विभाग म्हणतात, त्याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी अबकारी खातं म्हणत. फारसी भाषेत ‘आब’ म्हणजे पाणी. आब आणि कार मिळून अबकार, म्हणजे पाण्याचा, अर्थात अर्क काढण्याचा धंदा. दारूच्या खात्याचं नाव पाण्यावरून पडलं! दुसरा शब्द ‘खुमारी’. आपण म्हणतो, भजनाची खुमारी अजून उतरली नाही. पण मुळात ‘खुमार’ म्हणजे मद्य उतरल्यानंतरचं ते जडपण आणि ती डोकेदुखी. मराठीत येता येता या शब्दातलं दुखणं गळालं आणि गोडी तेवढी राहिली. पिणाऱ्याच्या आठवणीचंही असंच होतं. रात्रीची गंमत त्याला आठवते, सकाळची उलटी तो विसरतो. शिक्षक मंडळींनी हे दोन शब्द फळ्यावर लिहून मुलांना जरूर समजावून सांगावेत.

हे दुखणं नवं आहे असंही कुणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मद्यामुळे होणाऱ्या विकारांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या परमदाची लक्षणं ऐका: अंग जड होणं, तोंडाची चव जाणं, अन्नावर वासना नसणं, तहान, डोकं दुखणं, सांधे मोडल्यासारखे वाटणं. गावातल्या कुठल्याही पिणाऱ्याची सकाळ डोळ्यांसमोर आणा, यापेक्षा काय निराळं दिसेल? चरकसंहितेतही मदात्ययावर अध्याय आहे, आणि त्याच ग्रंथात एक मंथ सांगितला आहे. खजूर, मनुका, चिंच, डाळिंब, फालसा, आवळा अशी आंबटगोड फळं पाण्यात घुसळून ती द्यावीत. म्हणजे पाणी, थोडी साखर आणि फळांतले क्षार. आज दवाखान्यात जलसंजीवनी देतात, तिची ही जणू दूरची आजीच म्हणायची. दारूने शरीर सुकतं, हे त्या वैद्यांना नुसत्या पाहण्यातून कळलेलं होतं.

आता आपल्या भागाकडे वळू. उत्तरेला मेळघाट. चैत्रात तिथे पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. कोरकू बायाबापड्या ती वेचून आणतात आणि वाळवतात. ही फुलं नुसती दारूची नव्हेत. टंचाईच्या दिवसांत ती पोटालाही आधार देतात. हीच फुलं पाण्यात भिजत घातली की आंबतात, आणि ते आंबवण भट्टीवर चढवलं की दारू उतरते. यामागे साधं शास्त्र आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, मद्यार्क सुमारे ७८ अंशांना. म्हणून वाफ आधी मद्याची येते आणि पाणी बरंचसं मडक्यातच राहतं. भट्टी म्हणजे पाणी मागे ठेवून मद्य पुढे काढण्याची युक्ती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण शरीरात गेल्यावर त्याच मद्याचं पाण्याशी पुन्हा वैर जुळतं.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्या दशकात मुंबईहून निघालेली आगगाडी बडनेरा ओलांडून १८६७ पर्यंत नागपूरला पोचली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा खेळू लागला, आणि रोख पैशाच्या मागावर दुकान येतंच. इंग्रजी अंमलात घरची भट्टी हा गुन्हा ठरला. दारू विकण्याचा हक्क ठेकेदाराला, आणि त्यावरचा कर सरकारला. जी गोष्ट सणावारी घरच्या मडक्यात होत होती, ती बारा महिने चव्हाट्यावर विकत मिळू लागली. सरकारच्या तिजोरीत त्यातून भर पडत गेली. पुढे सरकार कुणाचंही आलं तरी या उत्पन्नाचा मोह काही सुटला नाही, हे खरं सांगायला हरकत नसावी.

या काळातली एका घराची हकीकत तुम्हा सर्वांना माहीत आहे, पण आज ती या अंगाने ऐका. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळ शेंडगाव आहे. तिथे झिंगराजी जानोरकर नावाचे परीट राहत. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांच्या घरी मुलगा झाला, त्याचं नाव डेबूजी. झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं, आणि त्या व्यसनानेच १८८४ साली त्यांचा अंत झाला. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. चरित्रकार सांगतात, की शेवटच्या दिवसांत झिंगराजींनी बायकोला बजावलं, या पोराला दारूपासून आणि बकरं कापायला लावणाऱ्या देवापासून दूर ठेव. सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळचं दापुरे हे ते गाव. पोर मामाकडे गुरं राखू लागलं, नांगर धरू लागलं.

पुढे डेबूजींचं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना बकऱ्याचं मटण आणि दारू घालायची ही त्या काळची रीत. ती मोडली तर लोक नावं ठेवणार, पंगतीतून उठून जाणार. डेबूजींनी ती मोडली आणि पंगतीला लाडू वाढले. मंडळी, इतिहासात लढाया असतात, तह असतात, पण अशा एका पंगतीचीही त्यात नोंद असावी. बापाचं मरण पाहिलेल्या मुलाने आपल्या लेकीच्या बारशात ती साखळी तोडली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी या माणसाने घर सोडलं, आणि महाराष्ट्राला संत गाडगेबाबा मिळाले.

गाडगेबाबांच्या हातात काय होतं? एक खापराचं गाडगं. त्यातच भाकरी खायची आणि त्यातच पाणी प्यायचं. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. कीर्तनात ते उपदेशाचा पाढा वाचत नसत, समोरच्यालाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलं शाळेत घाला. आणि त्यांच्या दशसूत्री संदेशात भुकेल्याच्या अन्नानंतर लगेच तहानलेल्याच्या पाण्याला जागा आहे. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवला, मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षण उभं केलं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. अमरावतीचं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याच जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरी वाजवत गावोगाव हेच सांगत फिरले. एका जिल्ह्याने व्यसनाविरुद्ध असे दोन खणखणीत आवाज दिले, हा वऱ्हाडचा मान आहे.

पण तहानलेल्याला पाणी देणं आपल्या भागात सोपं आहे का? इथे वऱ्हाडच्या भूगोलाचं एक पान उघडावं लागतं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली या बाजूंना शेकडो गावं खारपाणपट्ट्यात येतात. जमीन काळी, कसदार, गाळाची. पण त्या गाळातून पाण्याचा निचरा नीट होत नाही, क्षार साचून राहतात, आणि विहीर खणावी तर पाणी खारट लागतं. इथल्या बायांनी गोड्या पाण्याच्या एका हंड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोसभर पायपीट केली. अलीकडे वान आणि शहानूर धरणांचं पाणी नळाने आलं, तेव्हा कुठे अनेक गावांना थोडा दिलासा मिळाला.

याच खाऱ्या पाण्याने एकदा देशसेवाही केली. १९३० च्या एप्रिलात गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडला समुद्र कुठला? पण अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा गावी खाऱ्या विहिरी होत्या. सत्याग्रहींनी त्यांचंच पाणी आटवलं, मीठ काढलं आणि कायदा मोडला. त्या चळवळीचं दुसरं अंग होतं दारूच्या दुकानांपुढची निदर्शनं. एका हाताने परक्या सरकारचा मिठाचा कर नाकारायचा आणि दुसऱ्या हाताने दारूचा. लोकांनी हे दोन्ही एकाच वेळी हाती घेतलं, कारण दोन्हींचा भार गरिबाच्याच कमरेवर पडत होता.

१९३७ च्या निवडणुकांनंतर प्रांतात लोकांचं मंत्रिमंडळ आलं, आणि १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला. सबंध प्रांतात एकदम बंदी न करता आधी काही भाग निवडले, त्यांत आपला अकोट तालुका होता. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या कलमाने दारूबंदीचं धोरण राज्यांपुढे ठेवलं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९५९ साली इकडेही लागू झाला. पुढे परवाने आले, सवलती आल्या, १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि दुकानं रीतसर उघडली. शेजारचा वर्धा जिल्हा तेवढा बंदीत राहिला. दुकान बंद झालं की हातभट्टी पेटते, आणि दुकान उघडलं की संसार पेटतो, असा हा पेच आहे. अलीकडे नियमाने गावच्या मतदारांच्या हाती एक साधन दिलं आहे. मतदान मागायचं आणि पुरेशी मतं आडव्या बाटलीवर पडली, की दुकान बंद. अनेक गावांत बायांनी बाटली आडवी केली आहे.

एवढा इतिहास झाला. आता त्या सकाळच्या तहानेकडे परत येऊ. चरक-सुश्रुतांनी जे पाहिलं, त्याचं कारण अलीकडच्या शास्त्राने शोधलं. आपल्या मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी आहे. तिच्यातून येणारा एक रस मूत्रपिंडांना सांगत असतो, की पाणी जपून वापर. मद्य हा रसच अडवून धरतं. मग मूत्रपिंडं पाणी सोडतच राहतात. १९४२ साली इंग्लंडमधल्या एग्लटन या बाईंनी हे मोजून पाहिलं. मद्यार्काच्या दर ग्रॅममागे जवळजवळ १० मिलिलिटर जादा लघवी होते, असा त्यांचा हिशेब निघाला. शिक्षकांनो, हे गणित वर्गात घालण्याजोगं आहे. १८० मिलिलिटरची एक क्वार्टर, तिच्यात शेकडा ४२.८ मद्यार्क, म्हणजे ७७ मिलिलिटर. वजनात तो सुमारे ६१ ग्रॅम भरतो. तेव्हा शरीरातून सहाशेएक मिलिलिटर जादा पाणी निघून जाणार. क्वार्टरमधून पाणी आत आलं शंभराच्या आसपास. राहिलं काय? तूट!

आणि ही तूट कोणत्या मुलखात? जिथे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो तिथे. रात्री पिऊन झोपलेला माणूस पहाटे आधीच कोरडा असतो. तसाच तो वखरावर किंवा विटांच्या भट्टीवर गेला, तर घामाने आणखी सुकतो. दोनप्रहरी चक्कर येऊन पडला की लोक म्हणतात, ऊन लागलं. ऊन तर लागलंच, पण त्याची तयारी रात्री दुकानावर झालेली असते. उष्माघात हा जीव घेणारा आहे. असा माणूस बडबडू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत आणून ओल्या फडक्यांनी थंड करावं आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र ओतू नये, ते श्वासनळीत जातं.

मग पाणी प्यायलं की सगळं ठीक होतं का? नाही. इथेच पुष्कळांची फसगत होते. पाण्याने तहान भागते, कोरड जाते, थोडी हुशारी येते. पण हँगओव्हर म्हणजे केवळ सुकणं नव्हे. मद्याचं पोटात गेल्यावर एका विषारी द्रव्यात रूपांतर होतं, आतड्याला दाह होतो, झोप मोडते, उपाशीपोटी रक्तातली साखर उतरते. घागरभर पाणी प्यायलं तरी हे पुसलं जात नाही. यकृत आपल्या गतीनेच काम करतं. तासाला सात-आठ ग्रॅम मद्यार्क धरला तरी ती एक क्वार्टर निपटायला आठ तास लागतात. ताक, लिंबू, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यांतलं काहीही त्या गतीला घाई करू शकत नाही. म्हणून रात्री उशिरा प्यायलेल्याने सकाळी ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणं धोक्याचंच.

तरीसुद्धा जो पिणारच आहे, त्याने निदान एवढं करावं. उपाशीपोटी पिऊ नये. प्रत्येक पेल्यामागे पेलाभर साधं पाणी प्यावं. त्याने पिणंही मंदावतं. निजण्याआधी आणि उठल्यावर पाणी घ्यावं. उलट्या झाल्या असतील तर जलसंजीवनी घ्यावी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी पटकीच्या रोग्यांना साखर-मिठाचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. ते पाणी घरी करता येतं. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी मात्र यासाठी विहिरीचं खारं पाणी घेऊ नये, नळाचं गोडं पाणीच घ्यावं. जास्त क्षार बाहेर टाकायला शरीराला उलट आणखी पाणी खर्च करावं लागतं. डोकेदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. दारूबरोबर काही गोळ्या यकृताला आणि काही पोटाला इजा करतात.

आता दोन गोष्टी अशा, की जिथे पाणीही उपयोगाचं नाही आणि उशीरही परवडत नाही. पहिली म्हणजे विषारी दारू. हातभट्टीच्या किंवा बनावट दारूत मिथेनॉल मिसळलेलं असलं, तर काही तासांनी पोट दुखतं, श्वास जोराने चालतो, डोळ्यांपुढे धुकं येतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरावर माणसं गेली. ‘उतरत नाही’ म्हणून अशा माणसाला घरी निजवून ठेवू नका, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या. वेळीच गेलं तर त्यावर औषध आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘उतारा’. सकाळी हात थरथरतात म्हणून घोटभर घ्यायची, आणि घेतली की बरं वाटतं. पिणारा म्हणतो, काट्याने काटा काढला. पण ही थरथर हँगओव्हरची नसते, शरीर दारूचं गुलाम झाल्याची ती खूण असते. घोट घेऊन काटा निघत नाही, तो आणखी खोल जातो. आणि असा रोज पिणारा माणूस एकाएकी बंद करू गेला तर त्याला आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. म्हणून त्याला शिव्या देऊन कोंडून ठेवण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवणं शहाणपणाचं. झिंगराजींच्या काळी ही सोय नव्हती, आज जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात निदान विचारपूस तरी करता येते.

गुरुजी आणि बाई, तुमच्या वर्गात आज एखादा डेबू बसलेला असेल. सकाळी तो पेंगत असेल, कारण रात्री घरात भांडण झालं असेल. त्याला शिक्षा करण्याआधी जवळ बोलवा, पाणी विचारा. आणि गावकरी बंधूंनो, येत्या उन्हाळ्यात बसथांब्यावर, बाजाराच्या वाटेवर गोड्या पाण्याची एक पाणपोई घाला. दारूच्या दुकानाची पाटी दुरून दिसते, मग रांजणावरचा लाल फडकाही दुरून दिसायला काय हरकत आहे? तहान लागलेल्या माणसाला आधी पाणी सापडावं, एवढी व्यवस्था गावाला करता आली तरी पुष्कळ झालं.